दर तीन तासांनी

रुवीत जुलै. रात्रीचे दोन वाजले तरी
मागचा डोंगर तापलेलाच,
चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा.
आत एसी चोवीसवर
आणि मी फरशीवर मांडी घालून.
मांडीवर टॉवेल, टॉवेलात बत्तासा.

डॉक्टर इल्हामने करून दाखवलं होतं:
बिनसुईची सिरिंज, ओठाच्या कडेने,
पुढच्या दातांमागे फट असते तिथून.
थेंब थेंब. घाई केलीस तर फुप्फुसात जाईल.
तिचं खार्टूमचं इंग्रजी, माझं गोदामातलं,
मधे टेबलावर एक ससा.
सगळं समजलं.

वजन एक किलो चारशे. गेल्या सोमवारी सतराशे होतं.
मी स्टोअरकीपर, आवक-जावक लिहून पोट भरतो.
त्याच्यासाठीही वही केलीय, दोन रकान्यांची:
आत गेलं. बाहेर आलं.
बाहेरच्या रकान्यात कालपासून शून्य.

दात करकरतो. मला वाटलं, काहीतरी चावतोय.
नाही, ती म्हणाली, दुखतंय त्याला.
ससे ओरडत नाहीत.
मग पोटावरून बोटं फिरवत बसतो,
भाकरीला पाणी लावावं
तितपतच जोर देऊन.

खालच्या शमीरने गतची जुडी आणून दिली,
बकऱ्यांना घालतात ती, हिरवीगार.
डॉक्टरने नको म्हटलंय. पण परत कशी करणार?
फ्रिजमध्ये ठेवलीय, कोथिंबिरीशेजारी.

निझव्याच्या शुक्रवारच्या बाजारात
पुठ्ठ्याच्या खोक्यातून ओवीने याला उचललं, तीन रियालला.
ती नऊ वर्षांची होती.
आता कोल्हापुरात, अकरावी, होस्टेल.
शलाका गेलीय खोली लावून द्यायला.
जाताना ओवीने फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला,
अठरा कलमं.
त्यात आजारपण नाही.

रोज साडेनऊला तिचा फोन.
दाखव ना बाबा.
झोपलाय गं.
आज तिसऱ्यांदा म्हणताना जीभ अडखळली.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
दोन हजार अकराचा मार्च, सलग आठ दिवस
चिपळूणहून भाऊ मला हेच सांगायचा:
अप्पा झोपलेत. उठवत नाही.
तुला तिथे कशाला घोर.
आणि मी इथे पंपांची खोकी मोजत होतो,
संध्याकाळी कॅरम खेळत होतो, जिंकतही होतो.
भावाला केव्हाच माफ केलं.
त्या जिंकण्याला अजून नाही.

अडीचला फोन लावला. तिकडे चार.
तिने पहिल्याच रिंगला उचलला.
ओवी, तो झोपलेला नाहीये.
काल नव्हता, परवाही नव्हता.
कॅमेरा फिरवला.

बराच वेळ पंख्याचा आवाज, तिच्याकडचा.
मग: कान कसे लागतायत, गरम का गार?
गार.
मुळाशी धर. मुठीत. असं नाही बाबा, दोन्ही.
आणि सिरिंज डावीकडून दे,
उजव्या बाजूने त्याला कधीच चालत नाही.
डावीकडून दिली.
त्याने गिळलं. मग चक्क चावल्यासारखं केलं.
दिसलं? मी म्हणालो.
तिने नाक ओढलं, तेच उत्तर.

पहाटेची अजान होऊन गेली.
डोंगराची कड आधी राखाडी, मग विटकरी.
टॉवेलच्या घडीत काहीतरी बोटाला लागलं:
मिऱ्याएवढी, वाकडी, एक लेंडी.
उजेडाकडे धरून पाहिली,
हिरेवाल्याने पाहावा तसा खडा.
बाहेरच्या रकान्यात एक लिहिलं.
मग खोडून अर्धा केलं.
नसलेला माल दाखवायची सवय नाही मला.

फोन चाऱ्याच्या डब्याला टेकलेला.
पलीकडे ओवीचा गाल उशीत, तोंड अर्धं उघडं.
ही मात्र खरंच झोपलीये.
पुढची वेळ साडेपाच. मला उठव, बजावलंय तिने,
काहीही झालं तरी.

पाच वीस.
कोमट पाण्यात पूड कालवतो,
आणि तिला हाक मारण्यासाठी
घसा साफ करतो.